टंचाईत आधी गळती मोजा, काटकसर नंतर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाऊस लांबला आणि धरणांतला साठा खाली गेला की 'दात घासताना नळ बंद ठेवा', 'शॉवरऐवजी बादली वापरा' अशा सूचना सगळीकडे झळकू लागतात. सूचना बरोबर असतात, पण कुठल्या सवयीत किती लिटर जातात हे त्यांत नसते. मग घरातली माणसे मगभर पाण्यावरून एकमेकांना बोलत राहतात आणि तिकडे संडासातल्या फ्लशच्या टाकीतून रात्रभर बारीक धार चालू असते. आम्ही नळजोडणीच्या आणि पाणीपुरवठ्याच्या कामातली माणसे. आम्हाला विचाराल तर क्रम उलटा हवा. न वापरताच जाणारे पाणी आधी थांबवावे, एकदा वापरून सोडून दिले जाणारे मग अडवावे, आणि सवयींकडे शेवटी वळावे.

आधी गरज किती ते पाहू. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी जगभर वापरले जाणारे 'स्फिअर' मानक माणशी रोज किमान १५ लिटर धरते. ५० ते १०० लिटरांत बहुतेक मूलभूत गरजा भागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे. केपटाऊनमध्ये पाणी संपायची वेळ आली तेव्हा १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरांची मर्यादा लागू झाली होती. म्हणजे चौघांच्या घराला २०० लिटर. आता जुन्या फ्लशच्या टाकीकडे बघा. एका वेळी ९ ते १३ लिटर जातात. चौघांनी दिवसातून पाच-पाच वेळा फ्लश केला, तर १० लिटरच्या हिशेबाने २०० लिटर तिथेच संपले. अंघोळ, स्वयंपाक, धुणी-भांडी अजून बाकीच. म्हणून सुरुवात संडासापासून.

पण त्याआधी गळती मोजावी; घरात ती आहे का आणि किती, हे एका रात्रीत कळते. रात्री सगळे नळ बंद झाल्यावर गच्चीवरच्या टाकीत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा आणि टाकीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत पुन्हा मोजा. चौकोनी टाकी असेल तर लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि त्याला १० ने गुणा. १ सेंटिमीटर पातळी उतरली म्हणजे तेवढे लिटर गेले. गोल टाकीसाठी व्यासाचा वर्ग गुणिले ७.८५. साधारण १.१ मीटर व्यासाच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे साडेनऊ लिटर. आठ तासांत २ सेंटिमीटर उतरले असतील तर दिवसाला ५७ लिटर, म्हणजे एका माणसाच्या कोट्याहून जास्त पाणी कुणी न वापरताच जाते आहे. टाकी नसून मीटरवरून थेट पाणी येत असेल, तर दोन तासांच्या अंतराने मीटरचे आकडे टिपा. बऱ्याच मीटरांवर एक छोटी चकती किंवा चांदणी असते. सगळे नळ बंद असताना ती फिरत असेल तर वेगळा पुरावा नको.

ही गळती बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीतच सापडते, कारण ती दिसत नाही आणि तिचा आवाजही होत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे दहा-बारा थेंब टाका आणि २० मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. ती कुठून, हे पातळीवरून ठरते. टाकीतले पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढलेले असेल, तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, जास्त वर लागला आहे किंवा पाणी भरणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. फ्लोट खाली घेऊन पातळी नळीच्या तोंडापासून अडीच सेंटिमीटर खाली ठेवा. पातळी आधीच खाली असून रंग उतरत असेल, तर दोष तळाच्या रबरी वायसरचा. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा, मधला फ्लशचा व्हॉल्व्ह थोडा फिरवून उचला, वायसर आणि तो बसतो ती कड दोन्ही पुसा. जड पाण्याच्या भागात त्या कडेवर क्षारांचा खरखरीत थर बसतो, त्यामुळे नवा वायसर घालूनही गळती थांबत नाही. लोक मग वायसरच्या नावाने खडे फोडतात. तो थर व्हिनेगरने भिजवून कापडाने काढावा; पट्टीने किंवा पात्याने खरवडला तर कडेवर ओरखडे पडतात आणि कायमची वाट तयार होते. वायसर कडक झाला असेल तर बदलाच, आणि नवा घ्यायला जाताना जुना सोबत न्या. या वायसरचे आकार कंपनीगणिक वेगळे असतात.

टाकीत बाटली ठेवण्याची युक्ती चांगली आहे. १ लिटरची बाटली पाण्याने भरून, झाकण लावून, फ्लोटला लागणार नाही अशा कोपऱ्यात उभी करा. दर वेळी १ लिटर वाचतो. वीट मात्र ठेवू नका. विटेचा भुगा सुटतो, वायसरखाली जाऊन बसतो आणि वाचवलेल्याच्या कैकपट पाणी गळते. बाटली ठेवल्यावर दोनदा फ्लश करावा लागत असेल तर ती काढून टाका. मोठ्या फ्लशसाठी घडवलेले जुने भांडे कमी पाण्यात साफ होत नाही, कारण भांड्याच्या वळणाला किती पाणी लागते ते त्याच्या घडणीवर असते. तशा घरांत बादलीने पाणी टाकणे उत्तम: ५-६ लिटर, एका दमात, थोड्या उंचीवरून. हळूहळू ओतले तर वळणात ओढ तयार होत नाही आणि दुसरी बादली लागते.

ठिबकणाऱ्या नळाचे मोजमाप याहून सोपे. खाली वाटी ठेवा, १० मिनिटांत किती मिलिलिटर जमले ते पाहा आणि १४४ ने गुणा. १०० मिलिलिटर जमले तर दिवसाला १४ लिटरांहून जास्त. जुन्या फिरत्या नळात वायसर बदलला की काम होते. नळ जोर लावून आवळू नका. त्याने आतली बैठक झिजते आणि पुढे नवा वायसरही टिकत नाही. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, आतले काडतूसच (कार्ट्रिज) बदलावे लागते. त्यात बहुधा रेतीचा कण अडकलेला असतो. आधी ते काढून धुऊन बघायला हरकत नाही.

मोठ्या इमारतींत बरेच पाणी गच्चीवरच्या टाक्या भरून वाहण्यात जाते. वाहून जाणाऱ्या पाण्याचा पाइप थेट गटाराला जोडलेला असतो, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. तो पाइप येता-जाता दिसेल अशा ठिकाणी उघडा सोडा. तक्रार आपोआप येते. मोटारीला टायमर लावून हा प्रश्न सुटत नाही. खालच्या टाकीत किती पाणी आहे, वरची किती रिकामी आहे, हे रोज बदलते आणि टायमरला ते कळत नाही. वर आणि खाली दोन्हीकडे फ्लोट स्विच, म्हणजे पातळीनुसार मोटार चालू-बंद करणारे स्विच, हवेत. खालचा असला की टाकी कोरडी पडल्यावर मोटार जळायचीही वाचते.

नळाला एरिएटर, म्हणजे बारीक जाळी लावा असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. आमचे मत जरा वेगळे आहे. वाहत्या पाण्याखाली हात किंवा भांडी धुण्याच्या नळाला ती उपयोगी. साध्या नळातून चांगल्या दाबाने मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी येते, ते ३ ते ६ लिटरवर येते. पण ज्या नळावर बादली भरायची तिथे तिचा काडीचा उपयोग नाही. बादलीला लागायचे तेवढे पाणी लागणारच, फक्त वेळ जास्त जातो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब मुळातच कमी असतो. १० मीटर उंचीला १ बार, म्हणजे ३ मीटरला जेमतेम ०.३ बार. तिथे जाळी लावली की धार सुतासारखी होते आणि लोक वैतागून ती फेकून देतात. गढूळ पाण्याच्या दिवसांत जाळी दर पंधरवड्याला उघडून धुवावी.

गीझरचा नळ दूर असेल तर गरम पाणी येईपर्यंतचे गार पाणी बादलीत धरा. २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी असते; १२ मीटरचा पाइप असेल तर दर वेळी पावणेचार लिटर स्वच्छ पाणी.

आरओ यंत्राच्या वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल उगाच भीती आहे. यंत्राने १ लिटर शुद्ध पाणी देताना ३ लिटर बाहेर टाकले, तर त्या तीन लिटरांतले क्षार मूळ पाण्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने वाढलेले असतात, दुप्पट-तिप्पट नव्हे. फरशी पुसणे, संडास, कपड्यांचे पहिले भिजवणे यांना ते खुशाल चालते. कुंड्यांना मात्र रोज तेच घालू नका, क्षार मातीत साठत जातात. वाया जाणारे पाणी कमी व्हावे म्हणून त्या नळीवरचा अडथळा स्वतःहून आवळणे ही हमखास होणारी चूक. क्षार यंत्रातल्या गाळणाऱ्या पडद्यावर बसतात आणि पडदा वेळेआधी बाद होतो. मुळात पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील आणि फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिकचा त्रास नसेल, तर आरओची गरजच नसते. गाळणी आणि अतिनील किरणांचे यंत्र पुरते. एसीच्या नळीतून येणारे पाणी झाडांना, पुसायला छान. इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते घालू नये. यंत्राच्या कॉइलमधला तांब्या-अॅल्युमिनियमचा अंश आणि धूळ त्यात उतरते.

अंघोळीचे आणि कपड्यांच्या शेवटच्या खळबळीचे पाणी दुसऱ्यांदा वापरण्याजोगे. स्वयंपाकघरातले नाही, त्यात तेल आणि अन्नाचे कण असतात, ते लवकर सडते. बाथरूमच्या मोरीचा पाइप जाळीतून एका पिंपात सोडा. पिंपाला वरच्या बाजूला जादा पाणी पुन्हा गटारात जाईल असा पाइप हवाच, नाहीतर एक दिवस मोरी तुंबते. हे पाणी २४ तासांपेक्षा जास्त साठवू नये. त्यातला प्राणवायू संपला की ते काळे पडते आणि कुजकट वास सुटतो. संडासात ते बादलीने टाका, फ्लशच्या टाकीत ओतू नका. केस आणि साबणाचा चिकटा व्हॉल्व्हमध्ये अडकतो, आणि मुख्य जलवाहिनीत दाब घटला तर घाण पाणी उलटे खेचले जाण्याची शक्यता राहते. वॉशिंग मशिनमध्ये साबण जास्त पडला की फेस जात नाही आणि एक जादा खळबळ लागते. पाणी वाचवायचे तर साबणाचे माप आधी कमी करा.

झाडांना साबणाचे पाणी घालता येते, पण सावधपणे. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. ते साठले की चिकणमातीची वीण सुटते, वर कवच धरते आणि पाणी मुरत नाही. अंघोळीच्या साबणाचे पाणी बरे. एकदा ते, एकदा साधे, असे आलटून-पालटून घाला. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना आणि कंदांना ते अजिबात नको. कर्दळ, केळ, अळू ही मोरीकाठची झाडे असे पाणी मजेत पितात.

पाण्याची झाडांतली वाटणी कठोरपणे करावी लागते. लॉन पिवळे पडले तर पडू द्या, पावसात बहुधा परत येते. दोन-तीन वर्षांचे रोपटे मात्र एकदा गेले की परत येत नाही, पाणी आधी त्याला. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी खोल पाणी द्या. वरवर ओले केले की मुळे वरच राहतात आणि पहिल्या उन्हात झाड मान टाकते. बोट ५ सेंटिमीटर खुपसून माती ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नको. पाचोळ्याचा ५ ते ८ सेंटिमीटर थर द्या, बुंध्यापासून चार बोटे सोडून. बुंध्याला टेकला तर साल कुजते. टंचाईत खत देऊ नका, कोरड्या मातीत ते मुळे जाळते. नव्या रोपाशेजारी भाजलेल्या, पाझरत्या मातीचे ५ लिटरचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून झाकून ठेवले तर मुळे त्याच्याकडेच वळतात. तीन दिवसांत पातळी उतरली नाही तर छिद्रे क्षारांनी बुजली असे समजून मडके बदला.

आता साठवणीचे. टंचाईत लोक पाणी कमी पडूनच नव्हे, साठवलेल्या पाण्यानेही आजारी पडतात. नळाला पाणी एक-दोन दिवसांआड येते तेव्हा मधल्या वेळेत जलवाहिनी रिकामी असते, आणि फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे सांडपाणी आत झिरपते. त्यातच कुणी नळाला थेट मोटार लावली की वाहिनीत पोकळी होऊन ते अक्षरशः ओढले जाते. मोटार लावणारा शेजाऱ्याचे पाणी पळवतो, एवढेच लोकांना दिसते. तो सगळ्या गल्लीला गटाराचे पाणी पाजतो, हे दिसत नाही. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी वेगळ्या बादलीत धरा आणि संडासाला वापरा. पिण्याचे त्यानंतर भरा.

टँकरचे किंवा विहिरीचे पाणी ब्लीचिंग पावडरने, म्हणजे टीसीएलने शुद्ध करायचे प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम. एवढे बारीक वजन घरी होत नाही, म्हणून २५ ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा आणि प्लास्टिकच्या भांड्यात १ लिटर द्रावण करा. १० मिनिटे ठेवा, चुना तळाशी बसतो. वरच्या निवळीतले १०० मिलिलिटर १००० लिटरच्या टाकीला, २० मिलिलिटर २०० लिटरच्या पिंपाला, २ मिलिलिटर २० लिटरच्या कळशीला. ढवळून झाकून ठेवा आणि अर्धा ते एक तास पिऊ नका. त्यानंतर क्लोरीनचा मंद वास यायला हवा. अजिबात नसेल तर पाण्यातली घाण सगळे क्लोरीन खाऊन बसली. पुन्हा तेवढेच द्रावण घाला. क्लोरोस्कोपवर, म्हणजे क्लोरीन तपासायच्या साधनावर, लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिसले की ठीक. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होते. पावडर उघडी राहिली की तिची ताकद झपाट्याने उतरते, तेव्हा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत ठेवा. ओल धरून गोळा झालेल्या पावडरीवर विसंबू नका. आणि संडास साफ करायच्या अॅसिडजवळ ती चुकूनही नेऊ नये, विषारी वायू होतो. पावडर मिळाली नाही तर पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळत ठेवले तरी पुरते.

उघड्या पिंपांचे दोन तोटे. कडक उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. १ चौरस मीटर तोंडाच्या हौदातून ८ लिटर. दुसरा तोटा डासांचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून कोरडे करायचे. नुसते रिकामे करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात; काथ्याने घासून काढावी लागतात. टंचाईत पाणी ओतून द्यायला जीव होत नाही, हे खरे. त्या दिवशी तेच पाणी धुण्याला वापरा. उपसता न येणाऱ्या, पिण्याशिवायच्या हौदात गप्पी मासे सोडा, त्यात क्लोरीन मात्र घालू नका.

छपरावरच्या पाण्याची तयारी पाऊस यायच्या आधीच करावी लागते, म्हणून तिचाही उल्लेख इथेच. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला धरला, तरी ४०,००० लिटर. पहिले २ मिलिमीटर, म्हणजे या छपराचे २०० लिटर, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतात, ते बाहेर सोडायचे. त्यासाठी बसवलेला व्हॉल्व्ह दर पावसानंतर रिकामा केला नाही तर पुढची घाण थेट टाकीत जाते. बऱ्याच योजना इथेच नापास होतात. आणि हे पाणी गाळणीशिवाय बोअरवेलमध्ये सोडू नये. नुसती जाळी म्हणजे गाळणी नव्हे. खडी, बारीक खडी, वाळू असे थर हवेत, वरची वाळू दर पावसाळ्यापूर्वी काढून धुवायला हवी. एकदा जमिनीखालच्या पाण्यात गेलेली घाण काढणे फार अवघड असते, आणि त्याच झऱ्यावर शेजारच्या दहा बोअर चालत असतात.

एक विनंती आपल्याकडे. धरणसाठ्याची टक्केवारी आपण छापता, त्याच चौकटीत त्या आठवड्यात माणशी रोज किती लिटर मिळणार तोही आकडा छापावा. टक्केवारीवरून घरातल्या माणसाला आपल्या बादल्यांचा हिशेब लावता येत नाही.

आपले,
नळजोडणी व पाणीपुरवठ्याच्या कामातील काही वाचक